शनवार्‍या शेटचा कोपरा

त्या दिवशी शेतावर कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढं घोळ नको. ठमाकाकू होती, माझी चुलतसासू, तोंडाची फाटकी पण मनानं साफ. लाडकी होती, माझ्याच वयाची, भुताखेतांना फार मानायची. गणपत होता, शेटचा गडी, बैलांचं तो बघायचा. शेटची बायको बांधावर बसलेली, तिला आमी नुसतं बाय म्हणायचो. मी होते. आणि शेट होता, छत्री घेऊन. एवढीच माणसं. त्यातली आता लाडकी आणि मी उरलो. लाडकीला ऐकू येत नाय आणि ती बोलायला लागली की भूत मधी आणते, म्हणून मीच सांगते.

कापणीचे दिवस होते. ऊन असं की विळ्याची मूठ हाताला चटका देत होती. आभाळात ढग नाय आणि ह्या माणसाच्या हातात छत्री. आमी कापत कापत खाडीकडच्या कोपर्‍याशी आलो तर शेट धावत आला आणि छत्री आडवी धरून आमच्यापुढं उभा राहिला.

"बस. इथं विळा घालायचा नाय."

ठमाकाकू कंबर धरून उठली. "का ओ शेट? भात पिकलंय की."

"पिकलंय म्हणूनच."

"मंग?"

"मंग काय? सोडा बोललो ना, सोडा."

आणि गेला निघून. त्याची खोडच ती. जिथं दहा शब्द लागतात तिथं दोन वापरायचा आणि जिथं दोन पुरतात तिथं दिवसभर बोलायचा.

शेट ज्यू. आमच्याकडं त्यांना शनवारतेली बोलायचे. आधीच्या काळी तेलाचे घाणे त्यांचे आणि शनवारी घाणा बंद, म्हणून. मी आले तवा घाण्याचं नुसतं दगडी उखळ अंगणात पडलेलं, त्यात कोंबड्या पाणी प्यायच्या. तोंडावर आमी शेट म्हणायचो, माघारी शनवार्‍या. त्याला ते माहीत होतं. बोलणं त्याचं आमच्यासारखंच, नाय नि व्हय नि गो. देव तेवढा वेगळा. आणि त्या देवाला चिंबोरी चालत नाय. कोळंबी चालत नाय. ज्या माशाला खवलं त्योच खायचा. कोळीण पाटी घेऊन आली की शेट नखानं मासा खरवडून बघायचा आणि ती ओरडायची, "शेट, घ्यायचा नसंल तर सोलू तरी नका!" खाडीकाठी जन्माला येऊन चिंबोरी खाल्ली नाय, असा तो एकटाच माणूस मी बघितला.

माझं माहेर रोह्याकडचं, डोंगराखालचं, गोड्या पाण्याचं. बाय पण रोह्याची. तिथं त्यांची पुष्कळ घरं होती तवा, त्यांची प्रार्थनेची मशीद पण होती. मशीदच बोलायचे ते, पण मुसलमानांची नव्हे, त्यांची वेगळी. मला दिली ती पेणेच्या खाली, ह्या खारेपाटात. आल्या आल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. सासू बोलली, सवय होईल. झाली.

माझा मालक धरमतर बंदरात बारजीवर माल उतरवायला जायचा. एक दिवस पाय घसरला, बारज आणि धक्का ह्यांच्या मधी चेंगरून गेला. पोरं लहान होती. सासू बोलली, "रडायचं ते काम करता करता रड. बसून रडलीस तर रोज बुडंल." तिचं बरोबर होतं. मी विळा घेतला. ती माझी पहिलीच कापणी, म्हणून तो दिवस माझ्या एवढा ध्यानात हाय.

तर कोपरा. शेट गेला, आणि लाडकी बारीक आवाजात बोलली, "अगो, राखणदाराचा कोपरा तो. खाडीकडंच बसतो तो. शेटच्या सपनात आला असंल."

कोणाला खोटं वाटलं नाय. सगळ्या शेतकर्‍यांचं राखणदारावाचून, म्हणजे शेत राखणार्‍या देवावाचून, चालत नाय, मंग शेटचं कसं चालेल? दुसर्‍या दिवशी लाडकीनं तिथं नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मी माझी अर्धी भाकर ठेवली. घरी पोरं कण्यांची पेज पीत होती आणि मी राखणदाराला भाकर ठेवून आले. तसंच होतं तवा.

बाकीचं शेत कापून झालं, भारे खळ्यावर गेले, मळणी झाली. कोपरा उभाच. चिमण्या आल्या, उंदीर आले, भात लवून भुईला टेकलं, दाणा गळायला लागला. शेट रोज संध्याकाळी बांधावर यायचा, कोपर्‍याकडं बघायचा आणि तोंड वाकडं करून जायचा. आमी लांबनं बघून बोलायचो, बघा, हात जोडायला येतो. तो मनात आमाला काय बोलत होता ते मागाहून कळलं.

एक दिवस आमच्या आळीत आला आणि भर उन्हात ओरडायला लागला.

"एवढा माज आला काय गो तुमाला? घरात दाणा नाय आणि माझं भात उंदरांना चारलंत? फुकटचं गोड लागत नाय काय?"

ठमाकाकू बाहेर आली. "कुठलं भात, शेट?"

"कोपर्‍यातलं! दुसरं कुठलं?"

लाडकी दाराआडनं बोलली, "ते राखणदाराचं ना?"

"कोणाचं?"

"राखणदाराचं. तुमच्या सपनात आलेला तो."

शेट तरातरा शेताकडं चालायला लागला, आमी सगळ्या त्याच्या मागं. कोपर्‍यात नारळ होता, कुंकू होतं आणि माझी वाळलेली भाकर, तिला मुंग्या लागलेल्या. शेट बांधावर बसला आणि हसायला लागला. असा हसला की डोक्यावरची काळी टोपी पडली. बाय मागनं आली होती, ती पण पदर तोंडाला लावून हसत होती. हसून झाल्यावर डोळे पुसून बोलला, "नारळ तुमच्या देवाचा, तो तुमी न्या. भात माझ्या देवाचं, ते पण तुमीच न्या. दोन्ही देवांचं एकमत झालंय गो, आता तरी विळा घाला!"

आणि आमच्याकडं पाठ करून बसला. छत्री उघडलीन. कोरड्या उन्हात, पाठीमागं छत्री, म्हणजे आमी त्याला दिसायला नको. कोण किती कापते, कोण किती वेचते, काय बघितलं नाय. मधीच विचारायचा, "झालं काय गो?" आमी बोलायचो, नाय. तो बोलायचा, "मंग हळू करा, मला काय घाई नाय."

बायनं मंग आमाला समजावलं. त्यांच्या पोथीत लिहिलंय म्हणे. शेत कापताना कोपरा कापायचा नाय. गळलेली लोंबी मालकानं उचलायची नाय. पेंढी शेतात विसरली तर माघारी फिरायचं नाय. ज्याला लागेल तो नेईल, त्याला विचारायचं नाय. आमच्यात पण सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेलं भात, वेचायला सोडतात, नाय असं नाय, पण तो दारात जाऊन मागायला लागतो आणि मालकाचं पोर मागं उभं राहून बघतं.

जाताना ठमाकाकूनं हात जोडले. "शेट, तुमी दिलंत..."

तर शेट उसळला. "दिलं कोणी? मी काय दिलं नाय. सोडलंय. दिलं की घेणार्‍याची मान वाकते. सोडलेलं घ्यायला कंबर वाकते तेवढीच. पुन्यांदा उपकार बोललीस तर पुढच्या साली सगळा कोपरा कापून टाकीन."

त्या साली सरव्याचं भात मी कणगीत भरलं. पावसात रोज नसतो तवा तेच होतं. पोरं त्यावर वाढली. ह्याच्यापुढं मला त्याचं काय सांगता येत नाय.

आता कोणाला वाटेल शेट म्हणजे मोठा दानधर्मवाला. छे! चिकट होता. चहाची भुकटी वाळवून पुन्हा वापरायचा. आमाला चहा द्यायचा तो काळा, दूध नाय, आणि वर बोलायचा की दुधानं घसा बसतो. बायनं नवं पातेलं घेतलं तर जुन्याला काय झालं म्हणून दोन दिवस बोलला नाय. पण पेंढ्या विसरण्यात हुशार. भारे बांधून झाले की शेट उगाच आभाळाकडं बघत चालायचा आणि पेंढी पायात आली तरी ओलांडून जायचा. घरी गेल्यावर गणपतला विचारायचा, "अरे, मी काय विसरलो काय?" गणपत बोलायचा, "व्हय, तीन ठिकाणी." शेट बोलायचा, "गप. सांगू नको, मला आठवंल."

नव्या भाताचे पोहे पेणेच्या गिरणीतनं करून आणायचा. मंग त्यांच्या एलियाहू नबीचा मलिदा व्हायचा, पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. आमाला वाटणीला पानभर मिळायचा. त्यात मात्र हात आखडला नाय कधी. लाडकी तो मलिदा आधी कपाळाला लावायची, कुठल्या देवाचा ते न विचारता.

शनवारचं आता सांगते. शुक्रवारी दिवस मावळला की शेटचं काम बंद ते शनवारी मावळेपर्यंत. त्याचं बंद, बैलाचं बंद, गड्याचं बंद आणि आमचं पण बंद. रोजाचे पैसे मात्र चालू. कामाशिवाय रोज! आमच्या गावात कोणी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या शनवारी मी सवयीनं शेतावर गेले, भात कापायला बसले. शेट छत्री घेऊन अंगावर आला. "ऊठ! घरी जा! तुझ्यामुळं मला पाप लागंल."

"घरी जाऊन काय करू?"

"झोप."

"दिवसाची? सासू घरात घेणार नाय."

तो विचारात पडला. मंग बोलला, "तर बांधावर बस. पण काय करू नको."

मी बसले. काय करायचं नाय म्हणजे काय करायचं ते मला कळेना. हात मांडीवर ठेवले तर कोणाचे तरी दुसर्‍याचे हात ठेवल्यासारखे वाटले. मालक गेल्यापासनं मी बसले नव्हते. त्या दिवशी बांधावर बसून मी पहिल्यांदा रडले. कोणी बघितलं नाय. शेटनं बघितलं असंल, पण छत्री मधी होती.

ह्या शनवारवर गावातले बाकीचे शेतवाले चिडून होते. बोलायचे, "ह्यानं आमच्या बाया नासवल्या." शेट बोलायचा, "बैलाला सुट्टी चालते, बायांना नको काय रे?" मोठा ऐटीत बोलायचा. आणि ह्या ऐटीतच एक दिवस अडकला.

लावणी चालू होती. आवण, म्हणजे भाताची रोपं, उपटून मुठी बांधून ठेवलेल्या. आमचं ठरलेलं. बाप्यांना जेवढा रोज तेवढा बायांना पायजे. गणपत बैलामागं चालायचा त्याला जास्त, आमी दिवसभर चिखलात वाकलेल्या त्यांना कमी. ठमाकाकू इरलं काढून बांधावर बसली. मी बसले. लाडकी बसली. आमी बसलो तशा लावणीला आलेल्या बाकीच्या बाया पण बसल्या.

शेट आला. "काय गो? बसल्यात का?"

ठमाकाकू बोलली, "आज शनवार हाय, शेट."

"मंगळवार हाय आज!"

"तुमचा मंगळवार असंल. आमचा शनवार हाय."

शेटनं आवणाकडं बघितलं. आवण मान टाकायला लागलेलं. "असा मधीच शनवार येतो काय गो?"

"आता येणार. रोज येणार. बाप्यांएवढा रोज बायांना मिळंल त्या दिवशी रविवार उजाडंल."

काय बोलला नाय असं नाय. कार्टे बोलला, अवदसे बोलला, बांधावर येरझार्‍या घातल्या, छत्री चिखलात आपटली. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. हा रोज गेला तर दुसर्‍या शेतावर कोण घेईल आमाला? शनवार्‍याच्या नासलेल्या बाया त्या. आणि रोजाबरोबर कोपरा गेला. पोरांची पेज त्या कोपर्‍यात होती. मला उठावंसं वाटत होतं. ठमाकाकूनं माझा पदर स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला होता, सुटेना.

मंग घराकडनं बाय आली, हातात किटली. आमाला चहा ओतला. दुधाचा! शेटनं किटलीत डोकावून बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. बाय बोलली, "तुमच्या देवानं गड्याला आणि बाईला सुट्टी एकच दिलीय ना? मंग रोज दोन कसे?"

शेटनं आवणाकडं बघितलंन, बायकडं बघितलंन, किटलीकडं बघितलंन. "दूध कोणाला विचारून घातलंस?" एवढंच बोलला. आणि जाता जाता, पाठमोराच, "उठा. झाला तुमचा रविवार."

मागाहून पेणेच्या बाजारात ह्याला त्याला सांगायचा, "माझ्या बायांनी मला शनवार शिकवला." हरला होता, पण गोष्ट अशी सांगायचा जशी काय त्याचीच पोरं परीक्षेत पहिली आली.

त्याच साली कापणीत आमीपण त्याची एकदा मजा केली. भात कापून शेतात पसरलेलं, दिवस शनवारचा, आणि खाडीकडनं काळं आभाळ वर आलं. भात भिजलं तर काळं पडणार. शनवारी शेटला काम करता येत नाय आणि दुसर्‍याला कर म्हणून सांगता पण येत नाय. आला माझ्या ओट्यापुढं. ठमाकाकू तिथंच बसलेली.

"काय गो, बरं हाय ना?"

"बरं हाय, शेट."

"वारा सुटलाय आज."

"सुटलाय."

"ढग पण बरेच आलेत. मी काय सांगत नाय हां. मी आपला नुसता बोलतोय."

ठमाकाकू सुपारी कातरत बोलली, "बोला की. शनवारी बोलायला काय मनाई हाय?"

"भात पसरलंय तिकडं. आठवलं म्हणून बोललो."

"आमी जावं म्हणता काय?"

"मी जा बोललो काय? मी जा बोललो नाय!"

"मंग आमी बसतो. आमचा पण शनवार हाय."

शेटचं तोंड असं झालं की मला दया आली. मी हसू दाबून उठले, तशी ठमाकाकू पण उठली. आमी सगळ्या गेलो, भारे बांधून खळ्यावर नेले, उडव्या रचल्या. शेट शेताकडं पाठ करून छत्रीखाली बसला होता. पाऊस आला तवा छत्री पहिल्यांदा खरी कामाला आली. "कोण काम करतंय काय गो तिकडं?" विचारायचा. "कोण नाय, शेट." "बरं, बरं."

मंग दिवस असेच गेले. त्यांची माणसं एक एक करून इस्रायलला गेली. शेटची पोरं गेली. रोह्याची घरं रिकामी झाली. बाय इथंच वारली. ती गेल्यावर शेट चहात दूध घालायला लागला.

पोरांनी त्याला तिकडं न्यायचं ठरवलं. जाताना सगळ्यांच्या घरी चहा घेतलान, माझ्याकडं पण आला. गेल्यावर बघते तर छत्री ओट्यावर. मी धावले, पण गाडी गेली होती.

आणि थोड्याच दिवसांत परत आला!

"शेट, काय ओ? करमलं नाय?"

"तिकडं शनवारी सगळंच बंद गो. एकूण एक माणूस शनवार्‍या. मला चिडवायला कोण नाय, भांडायला कोण नाय. नुसता बसून राहिलो."

मी छत्री आणून दिली. घेईना. "विसरलेलं माघारी घ्यायचं नाय."

"ते पेंढीचं ना? छत्री काय पेंढी हाय?"

"शेतातच वापरली ना? मंग पेंढीच." आणि चहाची भुकटी वाळवणार्‍या ह्या माणसानं पेणेला जाऊन नवी छत्री घेतली. तिच्या किमतीवरनं पुढं कितीतरी दिवस कुरकुरत होता.

तवापासनं जमिनीचे दलाल यायला लागले. पेणेच्या रामवाडीकडनं गाड्या यायच्या, शर्ट पांढरे. शेट सगळ्यांना बसवून घ्यायचा आणि एकच विचारायचा, "कोपरा सोडणार काय?" एक दलाल बोलला, "काका, किती गुंठ्यांचा कोपरा? त्याचा भाव वेगळा करू." शेटनं त्याला उठवून वाटेला लावला. मंग आमाला बोलावलंन.

"माझ्यानं होत नाय आता. विकायचं नाय मला. तुमाला द्यायचं पण नाय."

ठमाकाकू बोलली, "ठाऊक हाय. सोडायचंय."

"व्हय. तुमी सगळ्या मिळून सावडीनं करा. बी माझं, बैल माझे, हात तुमचे. पिकंल त्यातलं अर्धं तुमचं, सारखं वाटून घ्या. शनवार तुमाला ठाऊक हाय. कोपरा तुमाला ठाऊक हाय."

शनवारला कोणाची हरकत नव्हती. भांडण झालं ते कोपर्‍यावरनं. पहिलं पीक उभं राहिलं, आमी कापत कापत खाडीकडं आलो, आणि ठमाकाकूनं विळा टाकला. "शेट, आमी कोपरा सोडणार नाय. तुमी सोडलात, तुमी शेतवाले. आमी कोण? आमीच गरीब. गरिबानं कोणाला सोडायचं?"

मला वाटलं, तिचं खरं हाय. आमच्यातल्या सगळ्यांनाच वाटलं. हातात पहिल्यांदा स्वतःचं भात आलेलं, ते चिमण्यांना कशाला?

शेट म्हातारा झालेला, गणपतनं खुर्ची आणलेली त्यात बसला होता. बोलला, "तुझ्यापेक्षा गरीब कोण नाय काय गो ह्या जगात?"

"नाय!"

"बरं. मंग उद्या तूच ये वेचायला. तुझा हक्कच हाय. पण आज आधी सोड."

ठमाकाकूनं टाकलेला विळा उचलून कंबरेला खोचला. कोपरा सोडला.

दुसर्‍या दिवशी ती टोपली घेऊन निघाली, मला बोलली चल. आमी दोघी गेलो तर बांधावर एक बाई उभी. वाडीवरची कातकरीण, पोर पाठीला बांधलेलं, हातात मोडका विळा. रोज शोधत आलेली असंल. भाताकडं बघत होती आणि आमी दिसल्यावर विळा पदराखाली घातलान.

ठमाकाकू थांबली. मंग टोपली डोक्यावर पालथी घातली, ऊन लागतंय अशी, आणि मोठ्यानं मला बोलली, "चल गो, बांध बघायचा होता तो बघून झाला." आणि मागं फिरली. मागनं विळ्याचा आवाज आला तवा माझा हात धरलान.

शेटला आमी सांगितलं नाय. त्यानं विचारलं पण नाय.

शेट गेला तो शुक्रवारी सकाळी. जाताना पण आमची धावपळ केली. दिवस मावळायच्या आत माती द्यायला पायजे. त्यांच्यात प्रार्थनेला दहा बाप्ये लागतात. गणपतचा मुलगा मोटरसायकल घेऊन पेणेत फिरला, रोह्याला गेला, नागोठण्यापर्यंत कोण हाय काय बघून आला, आणि कसेबसे गोळा केले. दिवस मावळताना माती दिली आणि सगळी कामं बंद झाली. दुसर्‍या दिवशी शनवार. आमी बांधावर जाऊन बसलो. लाडकीनं कोपर्‍यात नारळ ठेवला, आणि ह्या वेळी कोण तिला हसलं नाय.

मागाहून शेटची लेक आली होती तिकडनं. बोलली, बाबा सांगून गेलाय, ह्या बायका करतील तोवर करू देत. तिचा फोन येतो. तिचं मन कवा फिरंल, तिची पोरं काय करतील, ते माझ्या हातात नाय. दलाल अजून येतात. मी त्यांना काळा चहा देते.

ह्या साली आमी भात कापायला मशीन बोलावली. आता सुना वाकत नाय एवढ्या, आणि माझी कंबर तर गेलीच. मशीन बघता बघता सगळं कापत आली खाडीकडं, आणि मी उठून कोपर्‍यापुढं उभी राहिले. शेटची विसरलेली छत्री आडवी धरून.

मशीनवाला पोरगा परगावचा. वरनं ओरडला, "आजी, सरका! कोपरा राहिला की."

"राहू दे."

"एका फेरीत होतंय. डिझेल पण जास्त लागत नाय."

"पिकलंय ना?"

"पिकलंय."

"म्हणूनच राहू दे."

तो माझ्या सुनेला बोलला, "तुमची म्हातारी जरा येडी हाय काय?" सून बोलली, "व्हय." मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी कोण तरी आलं वेचायला. दोघीतिघी होत्या, बोलण्यावरनं. कोण होत्या ते मला ठाऊक नाय. मी छत्री उघडून खाडीकडं तोंड करून बसले होते.

तर वाचणार्‍यांनो, माझं सांगणं एवढंच. तुमचं शेत असंल आणि मशीन लावाल, तर चालवणार्‍याला आधीच सांगून ठेवा, कोपर्‍यात फिरवू नको. मशीनमागं गळलेली लोंबी पण राहत नाय, म्हणून कोपरा तरी राहू दे. शेत नसंल तर जे काय असंल त्याची कड सोडा. आणि कोण घ्यायला आलं तर नाव विचारू नका. जरा पाठ फिरवून बसा.